टॅलीचं सर्टिफिकेट आणि सीएची सही

कॉम्प्युटर प्रोग्रामर व्हायला डिग्री लागत नाही, या विधानाचा आता कुणाला धक्का बसत नाही. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानात त्याला हमखास टाळ्या पडतात आणि पुण्याच्या कर्वे रोडपासून हैदराबादच्या अमीरपेठपर्यंत क्लासवाल्यांच्या फलकांवर ते या ना त्या शब्दांत लिहिलेलं असतं. म्हणणं थोडक्यात असं: चार वर्षं आणि काही लाख रुपये खर्चून जुनाट अभ्यासक्रम घोकण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा अमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल, ओरॅकल यांपैकी कुणाचं तरी सर्टिफिकेट सहा महिन्यांत मिळवा. बाजाराला कौशल्य हवंय, पदवीदानाचा झगा नकोय. २०२० साली गूगलनं आपल्या करिअर सर्टिफिकेटांची घोषणा केली आणि संबंधित पदांच्या भरतीत ती आपण चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरू असं सांगितलं, तेव्हापासून या म्हणण्याला वजनही आलं. हे सगळंच खोटं असतं तर खोडून काढायला सोपं गेलं असतं. पदवी शिक्षणाबद्दलची यातली तक्रार बरीचशी खरी आहे. पण त्या तक्रारीवरून 'म्हणून सर्टिफिकेट' हा जो निष्कर्ष काढतात, तो टिकत नाही. सर्टिफिकेट देणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ आहे आणि ते निकामी झालं की भुर्दंड कुणाला बसतो, याचा हिशेब त्यात केलेलाच नसतो.

या बाजूचा सगळ्यात जोरकस युक्तिवाद आधी घेऊ. तो मराठी घरांत तर लगेच पटतो. सीएचं उदाहरण देतात. बी.कॉम.ला कोण विचारतं, सीए झालेल्याला सगळे विचारतात. मग हिशेबाच्या व्यवसायात जे चालतं ते प्रोग्रामिंगमध्ये का चालू नये? तुलना आकर्षक आहे, पण ती नेमकी कशाशी कशाची आहे ते पाहायला हवं. सीए ही पात्रता १९४९ च्या कायद्यानं स्थापन झालेली संस्था देते. ही संस्था हिशेबाचं सॉफ्टवेअर विकत नाही. तिच्या परीक्षा नापास करण्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि नुसत्या परीक्षेनं भागत नाही. पूर्वी तीन वर्षांची आणि आता दोन वर्षांची आर्टिकलशिप एखाद्या फर्ममध्ये बसून करावी लागते. शेवटी ताळेबंदावर सही करणारा माणूस त्या सहीला जबाबदार असतो. गैरवर्तन शाबीत झालं तर नोंदवहीतून नाव कमी होऊ शकतं. आता प्रोग्रामरच्या बाजारात ज्याला सर्टिफिकेट म्हणतात ते यातल्या कशासारखं आहे? हिशेबाच्या दुनियेत त्याचं खरं भावंड म्हणजे टॅलीचं सर्टिफिकेट. टॅली येणं उपयोगाचं आहे, त्यावर नोकरीही मिळते. पण टॅली शिकलेल्याला आपण सीए म्हणत नाही, आणि टॅली आल्यामुळे बी.कॉम. करण्याची गरज उरली नाही असं तर कुणीच म्हणत नाही. प्रोग्रामरला मात्र आपण अगदी हेच सांगतोय.

उदाहरणच घ्यायचं तर अमेझॉनच्या क्लाउडची 'सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट' ही परीक्षा घ्या. भारतात तिची मागणी मोठी आहे. १३० मिनिटं, ६५ प्रश्न, सगळे पर्यायी उत्तरांचे. १००० पैकी ७२० गुण मिळाले की पास. फी १५० डॉलर, म्हणजे आजच्या भावानं बारा-तेरा हजार रुपये किंवा थोडे जास्तच. मुदत तीन वर्षं. प्रश्नांची धाटणी अशी: एका कंपनीकडे जुन्या बिलांच्या फायली आहेत, त्या वर्षातून एखाद-दोन वेळाच लागतात आणि मागितल्यावर काही तास थांबायची कंपनीची तयारी आहे, तर सर्वांत स्वस्त साठवण कोणती? उत्तर अमेझॉनच्याच 'एस-थ्री ग्लेशियर'च्या कुठल्या तरी प्रकारात असतं. प्रश्न वाईट नाही. साठवणीचा खर्च आणि मिळण्याचा वेग यांतली देवाणघेवाण समजल्याशिवाय तो सुटत नाही. पण चार पर्यायांत जे कधीच नसतं तेही पाहा: या फायली अमेझॉनकडे ठेवायच्याच कशाला, कंपनीच्या स्वतःच्या दोन डिस्कवर ठेवल्या तर काय बिघडेल, दुसऱ्या विक्रेत्याकडे हलवायच्या झाल्या तर बाहेर काढण्याचा खर्च किती पडेल? खऱ्या आर्किटेक्टनं गिऱ्हाइकाला हे प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवेत. विक्रेता ते आपल्या परीक्षेत विचारणार नाही. त्यात लबाडी नाही. दुकानदारानं आपल्या दुकानाचा नकाशा शिकवावा हे रास्तच आहे. फक्त त्या नकाशाला भूगोलाची पदवी समजू नये.

मग प्रोग्रामरसाठी सीएसारखी, कुठल्याही कंपनीची नसलेली, व्यवसायाची म्हणून एक परीक्षा का नाही? प्रयत्न झाले, आणि ते कसे फसले हे 'डिग्री मेली' म्हणणाऱ्यांनी वाचायला हवं. १९६२ मध्ये अमेरिकेत, पुढे डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशन या नावानं ओळखल्या गेलेल्या संघटनेनं 'सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग'ची परीक्षा सुरू केली. गंमत म्हणजे त्याच वर्षी पर्ड्यू विद्यापीठात अमेरिकेतला पहिला संगणकशास्त्र विभाग उघडला. सर्टिफिकेट आणि पदवी एकाच वर्षी शर्यतीला उतरली आणि सहा दशकांनंतर त्यातलं कोण उरलं हे सांगायला नको. टेक्सासनं १९९८ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला परवान्याची शाखा म्हणून मान्यता दिली. लगेच पुढच्या वर्षी एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या सर्वांत जुन्या संघटनेनं परवान्याला विरोध जाहीर केला; या क्षेत्राचं ज्ञान अजून इतकं स्थिर नाही की परवान्यामुळे सॉफ्टवेअरच्या दर्जाची हमी देता येईल, असं तिचं म्हणणं होतं. तरीही २०१३ पासून अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनिअरांसाठी व्यावसायिक अभियंत्याची परीक्षा घेतली गेली. पाच वेळा मिळून ८१ जण बसले. २०१९ मध्ये ती बंद झाली. लाखो प्रोग्रामरांच्या देशात ८१! आपल्याकडचा प्रयत्न याहून प्रामाणिक होता. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९९० मध्ये 'डोएक'ची ओ, ए, बी, सी अशी चढती परीक्षापद्धत आणली, जिचा कारभार आता 'नायलिट' पाहते. खासगी क्लासमध्ये शिकलेल्या मुलाला सरकारी, तटस्थ परीक्षा देता यावी ही कल्पना होती. बी लेव्हलला केंद्र सरकारच्या नोकरीसाठी एम.सी.ए.च्या बरोबरीची मान्यता मिळाली. पण कॅम्पसवर येणाऱ्या आयटी कंपन्या दहावी-बारावी-डिग्रीला 'साठ टक्के थ्रूआउट' हीच अट धरून बसल्या. म्हणजे ज्या उद्योगाचे धुरीण आज कौशल्याचा जप करतात, त्याच उद्योगानं तटस्थ परीक्षा समोर असताना तिच्याकडे पाठ फिरवली. जी जागा रिकामी राहिली तिथे विक्रेत्यांनी दुकान मांडलं.

विक्रेत्याच्या सर्टिफिकेटचं आयुष्य त्याच्या मालाएवढं. मायक्रोसॉफ्टनं एमसीएसई, एमसीएसडी आणि एमसीएसए ही नावं ३१ जानेवारी २०२१ ला गुंडाळली. दीड-दोन दशकांपूर्वी व्हिजिटिंग कार्डावर नावापुढे छापायची ही अक्षरं. त्यांच्या जागी आलेल्या बहुतेक सर्टिफिकेटांची मुदत एक वर्ष, दरवर्षी नूतनीकरण. ते फुकट आणि घरबसल्या होतं हे कबूल, पण ज्या ज्ञानाला दर वर्षी मुदतवाढ लागते ते कोणत्या जातीचं ज्ञान आहे हे त्यातून कळतंच. अडोबीच्या फ्लॅशमधल्या प्रावीण्याचं सर्टिफिकेट ज्यांनी मिळवलं, त्यांच्या त्या कागदाचा उपयोग ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशबरोबरच संपला. सनची जावा परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनी २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलनं घेतल्यावर परीक्षेचं नाव, आवृत्ती आणि दर बदलताना पाहिले. आता बी.सी.एस.च्या किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या विषयांकडे पाहा. कॉडनं रिलेशनल मॉडेल मांडलं १९७० मध्ये. आजचा प्रत्येक बँक-व्यवहार त्याच विचारावर उभ्या असलेल्या डेटाबेसमध्ये नोंदला जातो. सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची डाइक्स्ट्राची रीत १९५९ ची आहे. हॅशिंग, ट्री, डेडलॉक, पेजिंग, नॉर्मलायझेशन हे विषय मुलांना कंटाळवाणे वाटतात आणि शिकवलेही कंटाळवाणेपणानं जातात, पण पन्नास वर्षांत त्यांची मुदत संपलेली नाही. अभ्यासक्रम जुनाट आहे हा आरोप करणाऱ्यानं जुनं आणि टिकाऊ यांत फरक करायला हवा. कॉलेजच्या लॅबमध्ये नव्वदच्या दशकातला टर्बो सी अजून चालवतात ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पॉइंटर शिकवतात ही नाही.

इथे एक प्रसिद्ध चूक जवळून पाहण्यासारखी आहे. बायनरी सर्च म्हणजे क्रमानं लावलेल्या यादीत मधोमध पाहायचं, हवी ती गोष्ट अलीकडे असेल तर पलीकडचा अर्धा भाग टाकायचा आणि पुन्हा मधोमध पाहायचं. 'मध' काढायला खालचा आणि वरचा क्रमांक मिळवून दोननं भागायचं. शाळकरी गणित. जावाच्या अधिकृत लायब्ररीत हीच ओळ होती आणि ती चुकीची होती. यादी फार मोठी झाली, शंभर कोटींच्या पुढे गेली, की दोन क्रमांकांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ या 'इंट'च्या, म्हणजे जावातल्या नेहमीच्या पूर्णांकाच्या, मर्यादेबाहेर जाते, उलटून ऋण होते आणि प्रोग्राम कोसळतो. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ही चूक जाहीर केली तेव्हा ती सुमारे नऊ वर्षं तिथे होती. कोड ब्लॉक यांचाच होता, आणि मूळ रीत घेतली होती जॉन बेंटली यांच्या पुस्तकातून, जिथे ती बिनचूक असल्याची सिद्धताही दिली होती. दुरुस्ती एका ओळीची: दोन क्रमांकांतला फरक काढा, त्याचा निम्मा खालच्या क्रमांकात मिळवा.

या उदाहरणावर सर्टिफिकेटवाले म्हणतील, बघा, पीएच.डी. झालेल्यांनाही जमलं नाही. खरं आहे, ब्लॉक कार्नेगी मेलनचे पीएच.डी. आहेत आणि बेंटली तिथले त्यांचे शिक्षक. डिग्रीनं चूक टळते असा दावा मी करतच नाही. पण उलट बाजू पाहा. इंटची कमाल मर्यादा काय, हा जावाच्या सर्टिफिकेट परीक्षेतला ठरलेला प्रश्न आहे. तो आकडा पाठ असलेले असंख्य प्रमाणित प्रोग्रामर ती लायब्ररी नऊ वर्षं वापरत होते. आकडा माहीत असणं आणि या ओळीत तो आकडा आडवा येणार आहे हे दिसणं, यांच्यामध्ये मोठं अंतर आहे. ते अंतर काटायला यंत्रात अंक कसा साठवतात हे माहीत असावं लागतं, सिद्धता म्हणजे काय आणि ती कोणत्या गृहीतकावर उभी असते हे कळावं लागतं, आणि छापील गोष्टीवर शंका घेण्याची सवय लागते. पर्यायी उत्तरांच्या ६५ प्रश्नांत हे मोजता येत नाही, सहा महिन्यांत रुजवताही येत नाही. चांगल्या पदवीत त्याला निदान वेळ मिळतो. बाकी, कॉलेज सोडून मोठ्या झालेल्या बिल गेट्स यांचा दाखला जे उठता-बसता देतात त्यांच्यासाठी एक माहिती: १९७९ मध्ये ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला, उलटापालट करून क्रम लावण्याच्या मर्यादेवरचा गणिती निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यातली वरची मर्यादा पुढे जवळपास तीस वर्षं कुणाला खाली आणता आली नाही. प्रश्न हार्वर्डच्या वर्गातून आलेला होता. डिग्री सोडली, शिक्षण घेऊन झालं होतं.

आता डिग्रीवरचा आरोप. तो मी सौम्य करू इच्छित नाही. आपल्या पुष्कळ कॉलेजांत जर्नल एकमेकांचं उतरवतात, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत मिळतो, व्हायवा बाहेरच्या परीक्षकाच्या चहापाण्यावर उरकते आणि आदल्या रात्री गाइड वाचून पेपर निघतो. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, असलेल्यांतले बरेच तासिका तत्त्वावर. कंपन्या डिग्रीच्या गुणांवर विश्वास न ठेवता स्वतःची अॅप्टिट्यूड टेस्ट घेतात, ती उगीच नाही. पण हा युक्तिवाद सर्टिफिकेटच्या बाजूनं कसा जातो, ते कळत नाही. गाइडाची जी जागा विद्यापीठाच्या पेपरात, तीच 'डम्प'ची सर्टिफिकेटच्या परीक्षेत. मागच्या परीक्षार्थींनी आठवून बाहेर आणलेले प्रश्न उत्तरांसकट विकले जातात. नियमानं ते निषिद्ध आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे. एका डम्पवर आठवडाभर बसून पास झालेला आणि दोन वर्षं काम करून पास झालेला, दोघांच्या कागदात फरक नाही. मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला सिग्नलचा सिद्धांत डिग्रीविरुद्ध फार वापरला जातो: डिग्री शिकवत काही नाही, नुसता कष्टाळूपणाचा पुरावा देते. मान्य करून चालू. पण त्याच सिद्धांताचा पुढचा भाग असा की जो इशारा कमकुवत उमेदवारालाही स्वस्तात देता येतो त्याची किंमत शून्याकडे जाते. चार वर्षं एटीकेटी सोडवत पार पडणं महाग आहे. डम्प पाठ करणं नाही.

निवडीच्या पद्धतींवरचं संशोधनही तपासू, कारण तिथे माझ्या बाजूला अडचण आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा गोषवारा काढला. नोकरीतल्या कामगिरीशी शिक्षणाच्या वर्षांचा सहसंबंध त्यात अवघा ०.१० आला, नेमून दिलेल्या कामाच्या नमुन्याचा ०.५४ आणि त्या कामाच्या ज्ञानाच्या चाचणीचा ०.४८. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी फेरतपासणी करून बरेच आकडे खाली आणले, तरी ज्ञानाची चाचणी ०.४० वर टिकलीच. वरवर पाहता हा सर्टिफिकेटचा विजय आहे. पण शिक्षणाची 'वर्षं' मोजणारा आकडा सगळ्या व्यवसायांना धरून आहे, आणि तो काय शिकलात हे मोजत नाही, किती काळ शिकलात तेवढंच मोजतो. शिवाय ज्ञानाची चाचणी म्हणजे त्या विशिष्ट कामासाठी, मालकाच्या बाजूनं तयार केलेली चाचणी. विक्रेत्यानं सगळ्या जगासाठी छापलेली आणि डम्पमध्ये फुटलेली परीक्षा तिच्या नावावर खपवता येत नाही. त्या आकड्यांतून काही घ्यायचंच तर कंपन्यांनी उमेदवाराला खरं काम देऊन पाहावं, हे घ्यावं. रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा हेच करते: चालू मशीन समोर, कामं नेमून दिलेली, पर्याय नाहीत. कुबरनेटीसची सीकेएही तशीच. अशा परीक्षा मला मान्य आहेत आणि विद्यापीठांनी आपल्या प्रॅक्टिकलची लाज वाटून घ्यावी इतक्या त्या चांगल्या आहेत. पण त्यासुद्धा लिनक्स कसं चालवावं हे तपासतात. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय हे आधीच शिकून आलात असं धरतात.

पुण्यातलाच दाखला पुरे. १९८८ मध्ये इथे स्थापन झालेल्या आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' बनवणाऱ्या सी-डॅकचा सहा महिन्यांचा डॅक अभ्यासक्रम गेली कित्येक वर्षं कंपन्यांच्या पसंतीत आहे. सहा महिन्यांत माणूस तयार होतो याचं हे जिवंत उदाहरण म्हणून सांगतात. पण प्रवेशाची पात्रता वाचा: इंजिनिअरिंगची पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण, वर सामाईक परीक्षा. सहा महिने पुरतात, कारण त्याआधीची चार वर्षं झालेली असतात. झोहोचं उदाहरण उलट बाजूचं म्हणून देतात. ती कंपनी २००५ पासून बारावी झालेल्या मुलांना आपल्या शाळेत घेऊन प्रोग्रामर बनवते. पण तिथे दोन वर्षं लागतात, फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. झोहोचे सहसंस्थापक श्रीधर वेंबू यांनी डिग्री बाजूला सारली हे खरं, पण शिकवण्याचा खर्च त्यांनी कंपनीच्या खात्यावर घेतला. बाजारात सर्टिफिकेट विकत घ्या असं मुलांना सांगितलं नाही.

आणि माझ्या मते सगळ्या वादाची मेख या खर्चात आहे. मेकॅनिकल, सिव्हिल, कुठल्याही शाखेची मुलं घ्यायची, काही महिने पगार देऊन शिकवायची आणि मग प्रोजेक्टवर पाठवायची, यावर भारतातला आयटी उद्योग उभा राहिला. इन्फोसिसचं म्हैसूरचं प्रचंड केंद्र त्यासाठीच बांधलं गेलं. विप्रोनं बी.एस्सी., बी.सी.ए. झालेल्यांना नोकरीत घेऊन बिट्स पिलानीकडून पुढची पदवी करू दिली. कंपन्या बाँड लिहून घेत, त्यावर टीका व्हायची आणि ती योग्यही होती, पण बाँडचा अर्थच असा की शिकवण्यावर कंपनीचा पैसा लागला आहे. आता फ्रेशर 'जॉब-रेडी' हवा, असं म्हणतात. मुलाखतीला येण्याआधीच त्यानं क्लाउडचं एक, डेव्हऑप्सचं एक, जमल्यास डेटाचं एक सर्टिफिकेट खिशातून पैसे घालून आणावं. कंपनीत रुजू असलेल्या माणसाला ती फी बहुधा परत मिळते. नोकरी शोधणाऱ्याला कोण देणार? त्यात नापास झाला तर पुन्हा पूर्ण फी. आणि या कागदांची खरी गरज कुणाला आहे? क्लाउड विकणाऱ्या कंपन्या आपल्या भागीदारांना वरचा दर्जा देताना त्यांच्याकडे प्रमाणित माणसं किती, हे मोजतात. सेवा-कंपनीला तो आकडा हवा असतो, विक्रेत्याला आपल्या मालाचे फुकटचे प्रचारक हवे असतात, आणि दोघांचं बिल तालुक्याच्या गावातला बाप भरतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते यालाच.

याच बापाच्या नावानं उरलेला आक्षेप घेतला जातो. डिग्री श्रीमंतांची, सर्टिफिकेट गरिबाला परवडणारं, म्हणून सर्टिफिकेटला विरोध म्हणजे गरिबाच्या वाटेत धोंडा. आक्षेप मनापासूनचा आहे आणि खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या फी पाहता तो झटकून टाकता येत नाही. पण परवडणाऱ्या गोष्टीनं दार उघडतं का? अमेरिकेत अनेक मोठ्या कंपन्यांनी डिग्रीची अट काढल्याच्या घोषणा केल्या. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये प्रत्यक्ष भरती तपासली, तेव्हा अशा धोरणबदलाचा फायदा ७०० भरतींमागे एकीलाही झालेला दिसला नाही. जाहिरातीतली अट गेली, निवडणाऱ्याच्या डोक्यातली राहिली. पुढे परदेशाचा रस्ता पाहा. मराठी प्रोग्रामरांच्या पिढ्या ज्या एच-वन-बी व्हिसावर गेल्या, त्यात पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते, आणि कामाच्या अनुभवावर ती भरून काढायची तर कॉलेजच्या एका वर्षासाठी कामाची तीन वर्षं धरतात. चार वर्षांच्या पदवीसाठी बारा. ज्या मुलाकडे ओळखीपाळखी नाहीत, इंग्रजी कच्चं आहे, त्यालाच 'डिग्रीची गरज नाही' हे सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. सांगणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात तेही एकदा पाहावं. त्या मुलासाठी अनुदानित कॉलेजमधली बी.एस्सी. किंवा बी.सी.एस., जिची फी इंजिनिअरिंगच्या मानानं किरकोळ आहे, हा सर्टिफिकेटांच्या साखळीपेक्षा स्वस्त आणि कितीतरी सुरक्षित सौदा आहे. पैसा ओतायचाच तर सरकारनं त्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरायला ओतावा.

आता चॅटजीपीटीसारखी साधनं आल्यावर तर सर्टिफिकेटच्या परीक्षेत जे विचारतात त्याचाच भाव सर्वांत आधी उतरतोय. कोणत्या सेवेचं नाव काय, कोणत्या कमांडला कोणता पर्याय, ही माहिती सेकंदात मिळते, बहुधा बरोबर मिळते. मिळालेलं उत्तर कधी चुकीचं आहे हे ओळखण्यासाठी मात्र ती बायनरी सर्चची ओळ वाचू शकणारा माणूस लागतो.

म्हणून बी.सी.एस.च्या तिसऱ्या वर्षात बसलेल्या मुलीनं कोणतं सर्टिफिकेट करू असं विचारलं तर माझं उत्तर असं: आधी ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेसचे पेपर गाइडाशिवाय सोडवून बघ, मग वाटलं तर प्रत्यक्ष मशीनवर घेतलेली एखादी परीक्षा दे, आणि पर्यायी उत्तरांच्या परीक्षेवर नोकरी लागेपर्यंत एक रुपया घालू नकोस. जाहिरातीत सर्टिफिकेट 'आवश्यक' असं छापणाऱ्या कंपन्यांनीही परीक्षेची फी, नापास झाल्यावरची दुसरी फी आणि अभ्यासाचे पगारी दिवस ऑफर लेटरमध्ये लिहून द्यावेत. भागीदारीचा दर्जा टिकवण्यासाठी प्रमाणित माणसांचा आकडा कंपनीला हवा आहे. त्या मुलीला नाही.